जुनी स्क्रोल सॉ भंगारात देण्याआधी

पोस्टिंगचा हंगाम आला की प्रत्येक छावणीत विक्रीच्या याद्या फिरू लागतात. कूलर, सायकली, कुंड्या, आणि हल्ली कधीमधी एखादी स्क्रोल सॉ. कुणीतरी हौसेने घेतलेली, चार पाती तुटल्यावर कोपऱ्यात गेलेली आणि आता 'नीट चालत नाही' म्हणून अर्ध्या किमतीत निघालेली. निवृत्तीकडे झुकलेले सहकारी विचारतात, घ्यावी का?

माझं मत आहे, घ्यावी. पण दोन गोष्टी आधी बघा. ती साध्या टोकाची, पाच इंची पाती घेते का? फक्त पिनवाली पाती घेणारी असेल तर सोडून द्या. पिन आत जाण्यासाठी भोक मोठं पाडावं लागतं, त्यामुळे सहारनपूरच्या शिसवी जाळीसारखं बारीक काम तिच्यावर होत नाही. दुसरं, प्लग काढून वरचा हात आडवा हलवून बघा. किंचित ढिलाई बुश बदलून जाते. हाताला तडा असेल किंवा मोटरला जळका वास असेल, तर फुकटातही नको.

घरी आणल्यावर लगेच मोटर उघडणारे बरेच भेटतात. फायरिंग रेंजवर रायफल अडली तर आपण तिथेच तिचा पुर्जा न् पुर्जा सुटा करतो का? आधी ठरलेली ड्रिल करतो. इथेही तेच. वायर आणि अर्थिंग तपासा, प्लग बाहेर ठेवा आणि क्रमाने चला.

पहिलं, पातं. नवीन घाला, दाते खाली तोंड करून. उलटं बसलेलं पातं लाकूड उचलून आपटतं आणि आपण दोष यंत्राला देतो. पातं क्लॅम्पमधून निसटत असेल तर त्याची टोकं आणि क्लॅम्पचे जबडे पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसा. बहुधा तेलकटपणाच नडतो.

दुसरं, ताण. पातं बोटाने छेडलं की तारेसारखा स्वच्छ आवाज यायला हवा. बाजूने दाबल्यावर साधारण तीन मिलिमीटर हललं तर ठीक. सैल पातं वळणावर फुगतं, काप तिरका येतो आणि पातंही लवकर तुटतं.

तिसरं, टेबलाचा काटकोन. यावरच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. जाड ठोकळ्यात थोडासा काप घ्या, यंत्र बंद करा आणि ठोकळा फिरवून तोच काप पात्याच्या मागच्या बाजूने आणा. पातं कापात अलगद शिरलं तर टेबल काटकोनात आहे. नाही शिरलं तर टेबल थोडं कलतं करून पुन्हा बघा.

चौथं, थरथर. यंत्र जड बाकावर बोल्टने कसा, खाली रबर घाला. एवढं करूनही खडखड राहिली तरच बुश आणि बेअरिंगकडे वळा.

एक गोष्ट मात्र दोष समजू नका. सरळ रेषेवर पातं किंचित एका बाजूला ओढतं. ठोकून बनवलेल्या पात्यांच्या एका कडेला धार जास्त राहते, म्हणून असं होतं. लाकूड थोडं तिरकं धरून पुढे सरकवलं की काप रेषेवर येतो.

'दुरुस्तीचा खर्च परवडणार नाही' असा शिक्का मारायची आपल्याला नोकरीत सवय लागते. तिथे तो तपासणीनंतर बसतो. घरी आपण तपासणीआधीच मारतो. शिवाय नवीन यंत्रालाही हीच जुळवणी लागते. ज्याने जुनं यंत्र एकदा लावलं, त्याला पुढे पातं का तुटलं हे कुणाला विचारावं लागत नाही. निवृत्तीनंतर हाताशी मेकॅनिक नसतो, वर्कशॉप नसतं. तेव्हा हे शिक्षण अर्ध्या किमतीत मिळत असेल, तर तो सौदा फायद्याचाच.