बोलावून गप्प बसणारे

लातूर-नांदेडहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून पोरं पहाटे वाकडला उतरतात. कुठेतरी तोंड धुऊन, इस्त्रीचा शर्ट चढवून हिंजवडीतल्या कंपनीच्या गेटवर आधार कार्ड दाखवतात, व्हिजिटर पास घेतात आणि नऊच्या मुलाखतीसाठी दीडपर्यंत बसून राहतात. उशीर का होतोय हे सांगायला कोणी फिरकत नाही. मग सध्याचं सीटीसी किती, अपेक्षा किती, नोटीस पिरियड किती. नोकरी द्यायचं ठरलेलं नसताना पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंटसुद्धा मागून घेतात. शेवटी ‘एचआर कळवेल’. पुढे फोन उचलला जात नाही, मेलला उत्तर नाही. नकार द्यायचाय तर तोही नाही.

हा शिकल्यासवरलेल्यांचा उर्मटपणा आहे. रात्री अकराला अमेरिकेतल्या क्लायंटचा मेल आला, तर मुलाखत घेणारा हाच मॅनेजर जेवण टाकून उत्तर लिहितो, वर उशिराबद्दल माफी मागतो. वेळ नसतो ही थाप झाली. आपल्याकडे उत्तर वरच्याला द्यायचं असतं, खालच्याने वाट बघायची असते. कांदेपोहे खाऊन, मुलीला चालून दाखवायला लावून, ‘घरी विचारून कळवतो’ म्हणत उठलेली आणि पुन्हा फोन न केलेली मंडळी आपल्याच घरातली ना? त्यांच्या पुढच्या पिढीने गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलं, एवढंच.

या गप्प बसण्यामागे हिशोब आहे. निवडलेला उमेदवार नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड काढता काढता दुसरीकडे जास्त पगार मिळवतो आणि येतच नाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या माणसाला नाही म्हणायचं नाही, ‘होल्ड’वर ठेवायचं. उमेदवारही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद करून बसणारे आहेतच. पण त्यांच्या फोन बंद करण्याने कंपनीची एक खुर्ची काही दिवस रिकामी राहते. कंपनी गप्प बसते तेव्हा तिच्या भरवशावर पोरगा हातातली दुसरी नोकरी सोडतो, खोलीचं भाडं थकतं, आणि गावाकडून बाप रोज संध्याकाळी विचारतो, ‘काय झालं रे?’

सरकारने तर याची हद्द केली. लोकसेवा आयोगाची पूर्व आणि मुख्य परीक्षा पास होऊन मुलाखतीसाठी महिनोन्‌महिने ताटकळलेल्या एका तरुणाने २०२१ मध्ये पुण्यात जीव दिला. विधिमंडळात गदारोळ झाला, आयोगाच्या सदस्यांच्या रिकाम्या जागा भरायचं आश्वासन मिळालं. म्हणजे मुलाखती घेणाऱ्यांचीच भरती रखडलेली होती!

१९५९ च्या कायद्याने रिकामी जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायचं बंधन मालकांवर घातलं. मुलाखत दिलेल्या माणसाला कळवा, असं मात्र आपल्याकडे कोणीच सांगितलं नाही. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने ते सांगितलंय. तिथे १ जानेवारी २०२६ पासून, पंचवीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला, जाहीर केलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली की शेवटच्या फेरीपासून ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही ते उमेदवाराला कळवावंच लागतं. हिंजवडीतल्या काही कंपन्यांची कार्यालयं टोरोंटोतही आहेत. तिथल्या उमेदवाराला त्या आता वेळेत लिहितील. वाकडला उतरलेल्या पोराला लिहायला त्यांना कोणता कायदा हवाय?