परवाना आणि प्रामाणिकपणा

आमच्या माकणीसारख्या गावातील शाळेत नवा संगणक आला, की साऱ्यांनाच आनंद होतो. यंत्राची किंमत सर्वांना ठाऊक असते. परंतु ते चालविणाऱ्या आज्ञावलीचा, म्हणजेच सॉफ्टवेअरचा, खर्च फारसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आज्ञावली विकत घेतली, असे आपण म्हणतो. वस्तुतः आपणांस मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना. तो बहुधा प्रत्येक संगणकास वेगळा लागतो व कित्येकदा दरवर्षी नवा करावा लागतो.

हा खर्च टाळण्यासाठी काहीजण चोरून नक्कल करतात. पण आज्ञावली रचणाऱ्याने श्रम केलेले असतात. ज्या वर्गात आपण सचोटीचा पाठ देतो, त्याच वर्गात चोरीची वस्तू वापरणे कितपत शोभेल?

सुदैवाने सरळ मार्गही आहे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगापुढे मुक्तपणे ठेवला. सी-डॅक या संस्थेने त्याच आधारावर ‘बॉस’ ही प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी सिद्ध केली. केरळातील सरकारी शाळांनी तर मुक्त आज्ञावलीच स्वीकारली आहे.

नवी प्रणाली शिकण्यास थोडे श्रम पडतील, हे खरे. पण विद्यार्थ्याने श्रमांस का भ्यावे? धरणात साठविलेले तेरणेचे पाणी वाटल्याने कमी होते. मुक्त आज्ञावली विद्येप्रमाणे वाटल्याने वाढते. म्हणून शाळेने संगणक घेताना परवान्याचाही हिशेब मांडावा, आणि जे उघडपणे मिळते ते चोरून घेऊ नये.