अर्धवट गेमचा मालक कोण?

सिनेमा रखडला की आपण म्हणतो, ‘डब्यात गेला’. गेम रखडला तर कुठे जातो? आणि तो काढणारी कंपनीच बुडाली तर?

तुमच्यापैकी अनेकांनी हे अनुभवलं असेल. ट्रेलर येतो, आपण तो दहा वेळा बघतो, ग्रुपवर टाकतो, रिलीजपर्यंत नवीन ग्राफिक्स कार्डसाठी घरी मस्का लावायला सुरुवात करतो. मग वर्षभर शांतता. एक दिवस कुणीतरी सांगतं, ‘अरे, तो कॅन्सल झाला.’ आपण दोन मिनिटं हळहळतो आणि दुसरा गेम उघडतो. पण तीनशे लोकांनी तीन वर्षं केलेलं काम असं हवेत विरत नाही. ते कुणाच्या तरी मालकीचं असतं. प्रश्न एवढाच, की कुणाच्या?

‘टीएचक्यू’ हे नाव आज फर्स्ट इयरला असलेल्यांना फारसं आठवणार नाही. कधीकाळी अमेरिकेतला हा मोठा पब्लिशर होता. पब्लिशर म्हणजे आपल्याकडच्या सिनेमाचा निर्माता समजा. पैसे तो लावतो, गेम स्टुडिओ बनवतो. काही स्टुडिओ पब्लिशरच्याच मालकीचे, काही स्वतंत्र. या टीएचक्यूने ‘यूड्रॉ’ नावाचं, गेम कन्सोलला जोडायचं एक ड्रॉइंग टॅब्लेट काढलं आणि त्यात कंपनीचे हात पोळले. ढीगभर माल पडून राहिला. डिसेंबर २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आधी सगळी कंपनी एकाच गुंतवणूकदाराला विकायचा बेत होता, पण देणेकऱ्यांनी हरकत घेतली. मग जानेवारी २०१३ मध्ये एकेक स्टुडिओ, एकेक गेम सुटा सुटा लिलावात निघाला.

त्या लिलावाचे आकडे बघा. ‘रेलिक’ हा स्टुडिओ सेगाने २ कोटी ६६ लाख डॉलर्सना घेतला. त्याच्यासोबत जवळजवळ तयार असलेला ‘कंपनी ऑफ हीरोज २’ गेला आणि तो जून २०१३ मध्ये बाजारात आला. ‘मेट्रो: लास्ट लाइट’ कोच मीडियाकडे गेला, तोही मे २०१३ मध्ये आला. ‘साउथ पार्क: द स्टिक ऑफ ट्रुथ’ युबिसॉफ्टने सुमारे ३२ लाख डॉलर्सना उचलला आणि मार्च २०१४ मध्ये काढला. म्हणजे कंपनी बुडाली तरी गेम तरले.

इथपर्यंत वाचून वाटेल, मग काय, सिस्टिम बरोबरच चालते की! थांबा. तरले ते गेम कोणते? जे संपत आले होते ते. उरलेल्या थोड्या कामावर पैसे घातले की विक्री सुरू, हा हिशोब कुणालाही जमतो.

आता ‘विजिल गेम्स’ बघा. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातला हा टीएचक्यूचा स्टुडिओ. ‘डार्कसायडर्स’ यांचाच. दुसरा भाग ऑगस्ट २०१२ मध्ये आला होता आणि पुढच्या गेमचं काम नुकतं सुरू झालं होतं. लिलावात या स्टुडिओवर कुणीही बोली लावली नाही. एकानेही नाही. स्टुडिओ बंद, सगळे घरी.

गंमत पुढे आहे. गंमत म्हणायची पद्धत, खरं तर चीड यावी अशी गोष्ट. तीन महिन्यांनी, एप्रिल २०१३ मध्ये, नॉर्डिक गेम्स या कंपनीने टीएचक्यूच्या जुन्या गेम्सचा एक गठ्ठा ४९ लाख डॉलर्सना घेतला. त्यात ‘डार्कसायडर्स’ होता. म्हणजे नावाला किंमत आली, ते नाव कमावणाऱ्या माणसांना शून्य. शेवटी ‘डार्कसायडर्स ३’ आला तो २०१८ मध्ये, आणि बनवला कुणी? विजिलमधल्याच जुन्या मंडळींनी पुढे उभ्या केलेल्या ‘गनफायर गेम्स’ या स्टुडिओने. पण आता मालक दुसरा होता.

माझा मुद्दा इथे आहे. अर्धवट सिनेमा निदान बघता तरी येतो. अर्धवट गेम म्हणजे हजारो फाइल्स, स्टुडिओने स्वतःपुरती बनवलेली टूल्स आणि ‘हे असं का लिहिलंय’ हे फक्त लिहिणाऱ्यालाच माहीत असलेला कोड. तुमच्या ग्रुप प्रोजेक्टमधला कोडिंग करणारा मित्र सबमिशनच्या आदल्या दिवशी गावाला गेला तर काय होतं, ते आठवा. लिलावात हार्ड डिस्क विकता येते, हक्काचे कागद विकता येतात. टीम विकता येत नाही. ती पांगली की अर्धा शिजलेला भात चुलीवरून उतरवल्यासारखं होतं. पातेलं विकत घेणाऱ्याला तो पुन्हा शिजवता येत नाही आणि बहुतेकांना शिजवायचाही नसतो. तो झाकण लावून ठेवतो. न जाणो, कधी किंमत आली तर!

पत्रीस देझिले यांचंच घ्या. ‘असॅसिन्स क्रीड’ घडवणाऱ्यांमधलं हे मोठं नाव. युबिसॉफ्ट सोडून ते टीएचक्यूच्या माँट्रियल स्टुडिओत गेले आणि ‘१६६६ अॅमस्टरडॅम’वर काम करू लागले. लिलावात तो स्टुडिओ २५ लाख डॉलर्सना घेतला कुणी? युबिसॉफ्टने! ज्या कंपनीतून बाहेर पडले, तिच्याच दारात गेमसकट परत. काही महिन्यांत त्यांना काढलं गेलं, गेम थांबला, प्रकरण कोर्टात गेलं. २०१६ मध्ये समझोता होऊन हक्क त्यांच्याकडे आले. एवढ्या मोठ्या नावाला तीन वर्षं भांडावं लागलं. ज्युनिअर आर्टिस्टचं काय होईल, विचार करा.

‘अमेरिकेतलं आहे, आपल्याला काय,’ असं म्हणू नका. पुण्या-मुंबईत गेम स्टुडिओ आहेत, तुमच्यातले काही जण अॅनिमेशन किंवा गेम डिझाइनचे कोर्स याच आशेवर करताहेत. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंत बनत होता. २०२२ मध्ये तो माँट्रियलला हलवला गेला. तिथे दिवाळखोरी नव्हती, पण अर्धवट काम एका टीमच्या हातून दुसरीकडे कसं जातं, हे आपल्या दारातही दिसलं.

आपला कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक तुमची कंपनी. कंपनी बुडून विकायला निघाली, तर २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात थकलेल्या पगाराला देणेकऱ्यांच्या रांगेत जागा आहे. केलेल्या कामाला मात्र त्या रांगेत जागा नाही.

यावर कुणी म्हणेल, पैसा ज्याने लावला त्यालाच हक्क. बँकेचं कर्ज, लोकांचे थकलेले पगार याच विक्रीतून फिटतात. मान्य! विकायला माझा विरोध नाहीच. विरोध आहे तो विकत घेऊन कुलूप लावायला. कपाटात पडलेल्या गेममधून ना बँकेला रुपया मिळतो, ना खेळणाऱ्याला गेम. म्हणून करारातच मुदत हवी. नव्या मालकाने अमुक वर्षांत काम पुढे नेलं नाही, तर आधी बनवणाऱ्यांना ते वाजवी किमतीत परत घेण्याची संधी मिळाली पाहिजे. पुस्तकांच्या करारात, पुस्तक छापणं बंद झालं की हक्क लेखकाकडे परत जाण्याची सोय असू शकते. मग गेमच्या करारात का नको?

हा बदल उद्या होणार नाही. पण तुमच्या हातात काही गोष्टी आजही आहेत. पहिल्या नोकरीचं ऑफर लेटर आलं की नुसता पगाराचा आकडा बघून स्टोरी टाकू नका. खालची बारीक अक्षरं वाचा. प्रोजेक्ट बंद पडला तर तुम्ही केलेलं काम पोर्टफोलिओत दाखवता येईल का, आणि तुम्ही नोकरी सोडल्यावर गेम आला तर क्रेडिट्समध्ये नाव येईल का, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर ईमेलवर घ्या. एचआरला वाटेल, पोरगं जास्तच शहाणं दिसतंय. वाटू दे.

आणि पुढच्या वेळी एखादा गेम कॅन्सल झाल्याची बातमी आली, तर ‘कंपनीने फसवलं’ म्हणून मोकळे होण्याआधी एकदा शोधून बघा, तो बनवणारी माणसं आता कुठे आहेत. विजिलची मंडळी पाच वर्षांनी त्याच गेमकडे परतली. त्यांचा नवा गेम विकत घ्यायला आपण तिथे असलो, तर तेवढी दाद तरी थेट त्यांच्यापर्यंत पोहोचेल.