बंद खोक्यातला ताजमहाल

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने २००८ साली ताजमहालाचा संच काढला. ५,९२२ तुकडे, अमेरिकेत किंमत ३०० डॉलर. उत्पादन थांबलं आणि न उघडलेल्या खोक्याचा भाव कित्येक पटींनी चढला. मग २०१७ मध्ये कंपनीने जवळजवळ तसाच संच, फक्त एक तुकडा जास्त घालून, पुन्हा बाजारात आणला आणि जुन्या खोक्यांचे भाव उतरले. साठा करून बसलेले हळहळले. मला मात्र आनंद झाला. ज्यांना तो खरोखर जोडायचा होता, त्यांच्या आवाक्यात तो आला. १९५८ सालची लेगोची वीट आजच्या विटेतही घट्ट बसते. इतकी अचूक घडवलेली वस्तू सील न तोडता कपाटात ठेवणं मला पटत नाही. या अंकात संग्राहक आहेतच, पण पहिली पानं खोकी उघडणाऱ्यांना दिली आहेत.