खेळपट्टी वाईट, की खेळ?

बंगळूरच्या राजाजीनगरात कसोटी क्रिकेटचा विषय निघाला की कॉफी थंड होते आणि वाद तापतो. ‘पाच दिवसांचा सामना तीन दिवसांत आटोपला, तर कसोटी जगणार कशी?’ हा एका पक्षाचा सवाल. २०२२ साली चिन्नास्वामी स्टेडियमवर श्रीलंकेचा संघ तिसऱ्याच दिवशी हरला. सामनाधिकारी जवागल श्रीनाथ कर्नाटकचेच. पण त्यांनी घरच्या खेळपट्टीला ‘सरासरीपेक्षा खालची’ असा शेरा दिला.

दुसरा पक्ष संघनिवडीवर घसरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथेच, न्यूझीलंडविरुद्ध, पावसाळी हवेत भारताने तीन फिरकी गोलंदाज घेतले, नाणेफेक जिंकून फलंदाजी स्वीकारली आणि ४६ धावांत गाशा गुंडाळला! मात्र त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात मुंबईच्या सर्फराज खानने १५० धावा काढल्या.

मग जुनेजाणते १९८७ ची आठवण काढतात. पाकिस्तानविरुद्ध चेंडू हातभर वळत असताना सुनील गावसकरांनी आपल्या अखेरच्या कसोटी डावात ९६ धावा केल्या. भारत १६ धावांनी हरला, तरी तो डाव अजून कुणी विसरलेले नाही.

खेळपट्टी अवघड असली म्हणून कसोटी मरत नाही. तिच्यावर पाय रोवून उभे राहणारे कमी झाले, तर मात्र चिंता करायला हवी.