हिरवा वारसा आईकडून

परवा मंठाळला अक्काकडे गेलो होतो. तूर फुलावर आली होती. बांधावर चहा घेताना अक्कानं विचारलं, "शेजारच्यानं जनुक बदललेलं बी पेरलं, तर माझी तोगरी बाटणार का रे?"

प्रश्न साधा नव्हे. तुरीच्या फुलावर माश्या बसतात आणि पराग या बांधावरून त्या बांधावर नेतात. घरचं बी राखणाऱ्याला धास्ती वाटणारच.

शास्त्रज्ञांनी यावर एक वाट शोधली आहे. पानाच्या पेशीत हरितलवकं असतात. आपल्या मुलांच्या कन्नड पुस्तकात ज्याला 'पत्रहरित्तु' म्हणतात, ते हरितद्रव्य यांच्याच पोटात. त्यांचा डीएनए वेगळा असतो आणि बहुतेक पिकांत तो आईकडूनच पुढच्या पिढीत येतो, परागातून जवळजवळ नाहीच. म्हणून तिथं बसवलेला जनुक माशीच्या पायाला लागून सहसा शेजारी जात नाही. १९९५ साली तंबाखूच्या हरितलवकात अळीनाशक बीटी जनुक बसवला गेला. एका पेशीत या डीएनएच्या हजारो प्रती असतात, त्यामुळे पानात ते प्रथिनही भरपूर तयार झालं.

"मग झालं की!" अक्का म्हणाली.

तसं नाही. आपली वैरीण घाटेअळी. ती खाते फुलं आणि शेंगेतला दाणा. हरितलवकांचा जोर पानात, फुलात-दाण्यात तो कमी पडतो. शिवाय तंबाखूत जमलं ते डाळीच्या पिकांत जमवणं फार अवघड. आणि पराग थांबला तरी खळ्यावर, पोत्यात बी मिसळायचं थांबत नाही.

१९९७-९८ साली या अळीनं तूर खाल्ली आणि बिदर-गुलबर्ग्याच्या किती घरांत अंधार झाला, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून नव्या शोधाला नाक मुरडू नये. पण २००२ साली आलेल्या बीटी कापसाला पुढं गुलाबी बोंडअळी पचवू लागली, हेही ध्यानात असू द्यावं.

अक्का उठली. झाडाखाली ताडपत्री अंथरून तिनं तूर हलवली. टपटप अळ्या पडल्या. कोंबड्या धावल्या.

"तुझं ते बी येईल तेव्हा येवो," ती म्हणाली, "तोवर मी बसून राहू का?"