रेस हायवेवर कशाला? माळावर या की!

सोलापूरहून तुळजापूरचा घाट रविवारी सकाळी चढून येणारे सायकलवाले पाहिलेत ना? हेल्मेट, घामाने चिकटलेली जर्सी, मागे लुकलुकणारा लाल दिवा. कुणी डॉक्टर, कुणी शिक्षक, कुणाचं दुकान. नोकरीधंदा सांभाळून सायकल हाणणारी ही क्लबची हौशी मंडळी.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' झाली. ४३७ किलोमीटर, परदेशी संघ, बंद केलेले रस्ते. ते रील्स बघून आपल्याकडेही सगळे म्हणायला लागलेत, 'आपल्या इथं पण रेस पाहिजे.'

पाहिजेच! पण माझं मत सरळ आहे : ती हायवेवर नको.

पुण्यात रस्ते बंद होते. गावातल्या रेसमध्ये काय असतं? पुढं एक बाइक, चौकात शिट्टी घेऊन उभे दोन पोरं आणि बाजूने नेहमीची वाहतूक. आपला राष्ट्रीय महामार्ग ५२ आठवा. ट्रक, एसटी, भाविकांच्या जीप, हंगामात उसाच्या ट्रॉल्या. सायकलवाले एकमेकांच्या चाकाला चाक लावून पळतात, कारण पुढच्याच्या आडोशाला वारा कमी लागतो. त्यात एक पडला की मागचे तिघे-चौघे पडतात. त्यांच्यामागून ट्रक येत असेल तर?

कोजागरीला सोलापूरहून चालत येणाऱ्यांसाठी या रस्त्यावरची वाहतूक वळवतात, हे खरं. पण ती लाखोंची गर्दी असते. आपल्या पन्नास जणांसाठी कोण हायवे बंद करणार? आणि का करावा?

मग काय करायचं? युरोपात यावर जुना तोडगा आहे : सायक्लोक्रॉस. हिवाळ्यात, शेतात-माळावर, अडीच ते साडेतीन किलोमीटरची वाट आखायची आणि तिच्यावर फेऱ्या मारायच्या. वाटेत चिखल, चढ, मधेच आडव्या फळ्या. जिथं चालवता येत नाही तिथं उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळत सुटायचं. मोठ्यांची रेस साधारण तासाभराची. पडलात तर मातीत पडता, ट्रकखाली नाही. आणि बघणाऱ्यांना एकाच जागी उभं राहून सगळी रेस दिसते.

आता सांगा, बालाघाटाच्या डोंगरात राहणाऱ्या आपल्याकडे कशाची कमी आहे? माळ आहे, मुरूम आहे, ओढे आहेत. चढ तर विचारूच नका.

पण माझा खरा मुद्दा पुढचाच आहे. माझी एक मैत्रीण एका रेसला नाव द्यायला गेली. 'गिअरची आहे का?' नव्हती. 'मग नुसतं बघायला या,' असं उत्तर मिळालं. तिची सायकल मानव विकास कार्यक्रमातून शाळेत असताना मिळालेली. मराठवाड्यात अशा कितीतरी मुली आहेत. हिशोब करा : शाळा चार किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन आठ. वर्षाचे दोनशे दिवस धरले तरी सोळाशे किलोमीटर. आठवी ते बारावी, आठ हजार! तेही दप्तर पाठीवर घेऊन, कच्च्या रस्त्याने. हिला आपण 'बघायला या' म्हणतो?

कोल्हापूरकडची पूजा दानोळे, संगमनेरची प्रणिता सोमण यांनी राष्ट्रीय स्पर्धांत पदकं आणली. प्रणिता तर माउंटन बाइकवाली, म्हणजे मातीतलीच. पुढची पूजा किंवा प्रणिता आपल्या तालुक्यात असेलही. पण तिला कुणी स्टार्ट लाइनवर उभंच केलं नाही, तर कळणार कसं?

क्लबवाले म्हणतील, घाटातल्या रेसची मजा माळावर नाही. मान्य. मुंबई-पुणे रेसमधल्या 'घाटाचा राजा' या किताबाचा मान काही औरच. रस्ता खरंच बंद करता येत असेल तर घाटात जरूर घ्या. नसेल, तर मजेसाठी कुणाचा जीव टांगणीला लावू नका.

कॉलेजच्या जिमखान्याला फार काही लागणार नाही. ज्याचा माळ आहे त्याची परवानगी, फक्कीने आखलेली वाट, एक ॲम्ब्युलन्स आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट. ज्यांच्याकडे नाही त्यांना क्लबवाल्यांनी तेवढ्यापुरतं द्यावं. काळ्या रानात मात्र घेऊ नका, चिखल मडगार्डमध्ये बसला की चाकच फिरत नाही. रेस दिवाळीनंतर घ्या. आणि दोन गट ठेवा, गिअरवाल्यांचा वेगळा आणि साध्या सायकलींचा वेगळा. दोन्हीत मुलींना वेगळं बक्षीस, रक्कम मुलांइतकीच.

कबड्डीसाठी फक्की दरवर्षी येतेच. या वेळी दोन पोती जास्त मागवा. आणि घरात माळ्यावर पडलेली सायकल खाली काढा, हवा भरा. ती साधी असली तरी चालेल.